पडद्यावरचा नवनाथ

पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी दौंडला आली की तिचं तोंड फिरायचं. पुढचं इंजिन सोडायचं, मागच्या टोकाला नवं जोडायचं आणि मग गाडी नगरच्या वाटेला लागायची. हे काम करणाऱ्या माणसांत साहेबराव ओव्हाळ नावाचे एक पॉइंट्समन होते. उंच, सडपातळ, बोलायला कमी. निळा डगला रोज घरी धुतलेला आणि बटणं गळ्यापर्यंत लावलेली. यार्डातली पोरं म्हणायची, आप्पांच्या डगल्याला कोळशाची धूळसुद्धा विचारून बसते.

त्यांचे वडील मूळचे शिरूर तालुक्यातले. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात त्यांनी गावकीची सगळी कामं टाकली. मेलेली जनावरं ओढायची नाहीत, सरकारी माणूस आला तर त्याचं सामान वाहायचं नाही. गावानं दळणाची गिरणी बंद केली, पाणी अडवलं. शेवटी बायकोपोरं घेऊन ते चालत दौंडला आले आणि रेल्वेच्या खडी फोडण्याच्या कामावर लागले. साहेबरावांनी हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून त्यांचा एकच हट्ट होता, आपला मुलगा खुर्चीवर बसला पाहिजे.

मुलगा म्हणजे नवनाथ. थोरल्या लेकीच्या, करुणाच्या पाठचा. मॅट्रिकला चांगले मार्क पडले तेव्हा साहेबरावांनी त्याला पुण्याच्या कॉलेजात घातलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पोराची पत्रं कमी झाली, सुट्टीत घरी येणं कमी झालं. एका रविवारी साहेबराव डबा घेऊन वसतिगृहावर गेले तर खोलीतला मुलगा म्हणाला, "नवनाथ व्हय? तो गोल्फच्या मैदानावर असतो, आप्पा. कॉलेजात येतो कुठं?"

विचारत विचारत साहेबराव त्या मैदानाच्या फाटकापाशी पोचले. आत नजर जाईल तिथवर हिरवंगार, कापलेलं गवत. त्या गवतावरून एक जाडजूड साहेब हात हलवत चालला होता आणि त्याच्या मागं, खांद्यावर काठ्यांची भलीमोठी पिशवी घेऊन, नवनाथ. साहेबानं मागं न बघता हात पुढं केला, "बॉय!" म्हणाला, आणि नवनाथनं पिशवीतली एक काठी काढून त्या हातात ठेवली.

साहेबरावांनी हाक मारली नाही. डबा तसाच घेऊन ते दौंडला परत आले.

त्या आठवड्यात नवनाथ घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात त्याची आई ताईबाई भाकरी थापत होत्या. बापलेक ओसरीवर बसले.

"कॉलेज सोडलंस म्हणं," साहेबराव म्हणाले.

"माझं मन लागत न्हाई तिथं, आप्पा. मैदानावर लागतं. मोकळं असतं सगळं. गवत कसं राखायचं, वाळू कशी वढायची, मी सगळं शिकलोय."

"माझ्या बापानं दुसऱ्याचं सामान वाहायचं न्हाई म्हणून गाव सोडला. आन् त्याच्या नातवानं हौसेनं पिशवी खांद्यावर घ्यावी?"

नवनाथचंही रक्त तरुण होतं. तो बोलून गेला, "तुम्ही तरी काय करता, आप्पा? साहेब म्हणंल तवा इंजिन सोडता, साहेब म्हणंल तवा जोडता."

साहेबरावांचा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. ताईबाई पिठाच्या हातानं धावत आल्या, पण तोवर नवनाथ चपला घालून बाहेर पडला होता. "माझ्याशी बोलायचं कारण न्हाई आता," एवढं साहेबराव त्याच्या पाठीमागं म्हणाले. रागात म्हणालेलं ते वाक्य त्यांनी पुढं बरीच वर्षं पाळलं.

नवनाथ पुण्यातच राहिला. मैदानावर येणाऱ्या एका मेंबरनं त्याचं काम बघून त्याला आखातातल्या एका गोल्फच्या मैदानावर कामगार म्हणून पाठवलं. जाण्याआधी तो आईला भेटायला आला तेव्हा साहेबराव मुद्दाम ड्यूटी बदलून यार्डात जाऊन बसले.

तिकडून नवनाथ शुक्रवारी फोन करायचा. रेल्वे कॉलनीच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ होतं, तिथं ताईबाई दुपारपासून जाऊन बसायच्या. घरी आल्यावर त्या नवऱ्याकडं न बघता, भिंतीशी बोलावं तसं बोलायच्या. "उन्हाचा चटका लय हाय म्हणं तिकडं. पण जेवण चांगलं हाय. केरळची पोरं हायती खोलीत." साहेबराव पेपर वाचत राहायचे. पण ताईबाई थांबल्या की पेपरचं पान उलटायचं थांबायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग कॉलनीत केबल आली. चांगदेव नावाच्या माणसानं गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि घराघरांतून काळ्या वायरी ओढल्या. दूरदर्शनवर जे कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. त्यात एक खेळाचं चॅनल होतं. कुस्ती, मोटारी, टेनिस, आणि तासन् तास चालणारा गोल्फ. ते चॅनल तेव्हा फुकट यायचं. छत्रीत पकडलं की सगळ्या गावाला दिसायचं. गोल्फ मात्र कुणी बघत नव्हतं, पोरं बटण दाबून पुढं जायची.

थंडी सरत आली होती. दुपारच्या वेळी करुणा माहेरपणाला आलेली, बाळाला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलेली. पडद्यावर गोल्फ लागला होता आणि बाळाला हिरवा रंग आवडतो म्हणून तिनं तो तसाच ठेवला होता. एका खेळाडूचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. त्यानं तो उडवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, खेळाडू निघून गेला. मग एक कामगार लांब दांड्याचं दाताळं घेऊन खड्ड्यात उतरला आणि विस्कटलेली वाळू सारखी करायला लागला. मधेच थांबून त्यानं डाव्या कोपरानं कपाळ पुसलं.

"बाई!" करुणा किंचाळली. "बाई, नवनाथ! आपला नवनाथ!"

ताईबाई आतून येईतो पडद्यावर दुसरंच माणूस आलं होतं. पण दारात उभ्या असलेल्या साहेबरावांनी बघितलं होतं. ते नुकतेच ड्यूटीवरून आले होते, बूट काढत होते. कोपरानं कपाळ पुसायची ती सवय त्यांच्या घरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

ते एक बूट पायात तसाच ठेवून चटईवर येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी ताईबाईंनी बूथमधून ओरडून सांगितलं, "तुला टीव्हीत बघितलं रं!" तिकडून नवनाथ खूप वेळ हसला. त्या मैदानावर दरवर्षी याच सुमाराला मोठी स्पर्धा भरते, पुढच्या वर्षीही बघा, असं म्हणाला.

तेव्हापासून साहेबरावांनी गोल्फ बघायला घेतला. आधी त्यांना काहीच कळायचं नाही. चेंडू कुठं गेला तेही दिसायचं नाही. पण पुढच्या स्पर्धेला वर्ष होतं आणि तोवर खेळ समजून घ्यावा असं त्यांना वाटलं असावं. इंग्लंडातली पावसाळ्यातली मोठी स्पर्धा, अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांचं दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलेलं, सगळं त्याच चॅनलवर फुकट यायचं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांच्या घरात राहायला आले तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनी चांगदेवला बोलावून वायर जोडून घेतली. विहारातली माणसं चेष्टा करायची, "आप्पा, श्रीमंतांचा खेळ तुम्ही कशाला बघता?" साहेबराव म्हणायचे, "गवत बरं वाटतं डोळ्याला."

खेळाडूंकडं त्यांचं लक्ष नसायचं. चेंडू वाळूत पडला की ते पुढं सरकून बसायचे.

थंडीच्या शेवटी नवनाथ दिसायचा. कधी दाताळं घेऊन, कधी लांबवर गवत कापायच्या यंत्रावर बसलेला. ताईबाई पडद्याला हात लावायच्या. साहेबराव म्हणायचे, "बाजूला हो, दिसंना झालं." त्या घरात बाप मुलाबद्दल बोलायचा ते एवढंच.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात ताईबाईंना कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. पुण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्या गेल्या. नवनाथचा पासपोर्ट कंपनीकडं अडकलेला. तो आला तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. तीन दिवस तो घरात होता. करुणा दोघांना एकाच वेळी वाढायची, मुद्दाम. दोघं समोरासमोर बसून जेवायचे आणि फक्त ताटांचा आवाज यायचा. जायच्या दिवशी नवनाथ बापाच्या पाया पडला.

"येतो, आप्पा."

साहेबरावांचा हात त्याच्या डोक्याकडं गेला होता, असं करुणा शपथेवर सांगते. पण मधेच हात वळला आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. चष्मा पुसत राहिले. नवनाथ फाटकाबाहेर गेला तरी पुसत राहिले.

ताईबाई गेल्या आणि शुक्रवारचा फोनही गेला. नवनाथ शिरूरला करुणाच्या सासरी, शेजाऱ्यांकडं फोन करायचा, पण ती बातमी दौंडला कोण पोचवणार आणि भिंतीशी बोलून कोण ऐकवणार? बापाकडं आता टीव्ही तेवढा उरला. पुढच्या स्पर्धेत नवनाथ एकदाच दिसला, बारीक झाल्यासारखा. साहेबरावांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात, इंग्लंडातल्या स्पर्धेच्या वेळी, साहेबरावांनी टीव्ही लावला तर पडद्यावर मुंग्याच मुंग्या. त्यांनी वायर हलवली, टीव्हीला थाप मारली. मग छत्री डोक्यावर धरून चांगदेवच्या दुकानात गेले.

"आप्पा, ते चॅनल पे झालं," चांगदेव म्हणाला. "म्हंजी आता त्यांनी कुलूप लावलं. त्यांचा डबा घ्यायचा, दर घरामागं पैसं भरायचं, तवा दिसणार."

"मग घे की डबा."

"क्रिकेट दुसऱ्या चॅनलवर दिसतंय, शिणेमा दिसतोय. या चॅनलसाठी गावात एक माणूस आला न्हाई माझ्याकडं, तुम्ही सोडून. सगळ्यांनी वर्गणी वाढवून दिली तर घेतो. देतील का?"

साहेबराव खरोखर घरोघरी गेले. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाकडं साखर मागितली नव्हती तो माणूस दारात उभा राहून गोल्फसाठी बोलायला लागला. लोकांना वाटलं, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलंय. "चहा घ्या, आप्पा," म्हणून त्यांनी विषय बदलला. मुलगा दिसतो म्हणून हवंय, एवढं एक वाक्य साहेबराव बोलले असते तर निम्म्या वस्तीनं वर्गणी दिली असती. पण त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. इंग्लंडची स्पर्धा गेली, अमेरिकेची गेली, थंडीही गेली. आखातातली स्पर्धा कुलपाआड होऊन गेली. त्या दिवसांत ते मुंग्यांचा पडदा लावून बसायचे. आवाज मात्र मधूनमधून यायचा, टाळ्यांचा.

करुणाचा नवरा विनोद रांजणगावच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होता. परदेशी इंजिनिअर राहायचे त्या कंपनीच्या गेस्टहाउसला त्याची रोजची खेप असायची. तिथं सगळी चॅनलं दिसतात हे त्यानं सहज बोलण्यात सांगितलं आणि साहेबरावांनी ते मनात धरून ठेवलं. पुढच्या थंडीच्या शेवटी ते कुणाला न कळवता दौंडहून शिरूरच्या एसटीत बसले. अंगावर रेल्वेतला जुना निळा डगला, धुतलेला, बटणं लावलेली.

"जावईबापू, मला एकदा त्या गेस्टहाउसवर न्या," ते म्हणाले. विनोदनं कारण विचारलं नाही. त्याला माहीत होतं.

तिथं स्वयंपाक करणाऱ्या तुळजाबाईंनी त्यांना दिवाणखान्याच्या दारापाशी स्टूल दिलं. आत दोघं परदेशी साहेब पाय पसरून तीच स्पर्धा बघत होते. एकानं मागं वळून बघितलं, हातानं सोफ्याकडं खूण केली. साहेबराव सोफ्याच्या अगदी कडेला बसले. दुपार कलली. खेळाडू येत होते, जात होते. शेवटी एक चेंडू वाळूत पडला.

साहेबराव पुढं सरकले. खड्ड्याकडं एक कामगार दाताळं घेऊन निघाला होता. पाठमोरा, टोपीला मागं पांढरं फडकं लावलेलं. झपाझप पावलं टाकत तो उतारावरून खाली आला, वाळू सारखी केली आणि तितक्याच झपाट्यानं वर चढून गेला.

"त्यो बघा! माझा पोरगा!" साहेबराव मोठ्यानं म्हणाले. साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण बोट आणि चेहरा कळला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुळजाबाई पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या.

शिरूरला परतल्यावर साहेबराव घरात न शिरता अंगणातूनच म्हणाले, "करुणा, नवनाथला फोन लाव."

करुणाच्या हातातली परात खाली पडली. "आत्ता?"

"आत्ता."

बाजारपेठेतल्या बूथवर तिनं नंबर फिरवला, पलीकडं कुणाला तरी नवनाथला बोलावायला सांगितलं आणि रिसीव्हर बापाच्या हातात दिला. ती काचेच्या दाराबाहेर जाऊन पाठ करून उभी राहिली.

"ताई?" तिकडून आवाज आला.

"मी हाय."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "आप्पा?"

"टीव्हीत बघितलं तुला. आज. चांगला झपाझप चालत व्हतास. मागच्या खेपेला वाळला व्हतास, आता तब्येत बरी दिसती." साहेबरावांचा श्वास लागला होता. "तूच व्हतास ना?"

पुन्हा खरखर.

"व्हय आप्पा," नवनाथ म्हणाला. "मीच व्हतो."

"जेवतोस ना येळेवर?"

"व्हय."

"आता लय झालं. घरी ये."

तिकडून रडण्याचा आवाज आला की फोनच्या यंत्राचा, ते साहेबरावांना कळलं नाही. बूथमधून बाहेर येऊन त्यांनी करुणाच्या पाठीवर हात ठेवला. तिचं तोंड पदरात होतं. आनंदानं रडते असं त्यांना वाटलं.

दौंडला आल्यावर त्यांनी विहारात सगळ्यांना सांगितलं. ज्यांना वर्गणीच्या वेळी सांगता आलं नव्हतं, त्यांना आता दारात थांबवून सांगितलं. नवनाथ कसा चालतो ते अंगणात चालून दाखवलं. पुढं नवनाथचे फोन आले, बापलेक बोलू लागले, पण येण्याची तारीख काही ठरेना. कधी रजा नाही, कधी कागद नाहीत. साहेबराव म्हणायचे, "येईल. सवडीनं येईल." असं करत दिवाळी उलटली आणि मग एकदाचा निरोप आला.

त्या सकाळी साहेबराव, करुणा आणि विनोद प्लॅटफॉर्मवर उभे होते. करुणा वाटेत दोनतीनदा "आप्पा, ऐका ना" म्हणाली आणि गप्प बसली. मुंबईकडून गाडी आली. माणसांचा लोंढा उतरला. साहेबराव टाचा उंचावून त्या लोंढ्यात भराभर चालणारा माणूस शोधत होते. गर्दी ओसरली. हमाल गेले. समोर कुबडी घेतलेला एक माणूस उभा होता. साहेबरावांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडं, डब्यांच्या दारांकडं बघितलं.

"आप्पा," तो माणूस म्हणाला.

त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पॅन्ट दुमडून टाचणीनं अडकवलेली होती.

"कवा?" साहेबरावांनी विचारलं.

"गवताचं यंत्र उतारावर उलटलं, आप्पा. आई गेल्याच्या पुढच्या साली. तवापासनं गोदामात बसवलंय मला, सामान मोजायला. मीच ताईला म्हणालो, आप्पांना सांगू नको."

साहेबराव बाकावर बसले. गाडी सुटायची शिट्टी झाली. त्या आवाजात त्यांनी काही विचारलं, ते नवनाथला वाकून ऐकावं लागलं.

"मग त्यो कोण व्हता? मागल्या थंडीत, वाळूतला?"

"केरळचा जोसेफ असंल," नवनाथ म्हणाला. "टोपी घातली की आम्ही सगळे सारखेच दिसतो, आप्पा."

"आन् त्याच्या आधी? तुझी आई हात लावायची, तवा?"

"तवा मीच व्हतो."

साहेबरावांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. फोनवरही तो असंच म्हणाला होता. खरं की खोटं, ते त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

नवनाथ परत गेला नाही. केडगावच्या बाजूला एका रोपवाटिकेत लॉनच्या गालिच्यांचं काम निघालं होतं, तिथं देखरेखीला लागला. सकाळच्या लोकलनं जायचा, संध्याकाळी यायचा. बापलेकांचं भांडण राहिलं नव्हतं, पण बोलायची सवयही लागली नाही. मधली इतकी वर्षं कुठून उचलायची ते दोघांनाही कळेना. साहेबराव त्याचं अंघोळीचं पाणी काढून ठेवायचे, बसायला पाट नको म्हणून त्यांनी उंच स्टूल करून घेतलं. एकदा करुणाला म्हणाले, "कोपऱ्यावर फोन व्हता गं. चालत गेलो असतो तर दोन मिनिटं लागली असती. मी टीव्हीत बघत बसलो."

पुढं घरोघरी छोट्या छत्र्या आल्या. शेजारच्या घरात ते चॅनल पैसे भरून दिसायलाही लागलं. साहेबरावांनी ते मागितलं नाही आणि नवनाथनंही नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात साहेबराव झोपेतच गेले. विहारात त्रिशरण, पंचशील झालं आणि माणसं भीमेच्या काठाकडं निघाली. यार्डातले जुने सोबती खांदा द्यायला आले होते, तीही म्हातारीच माणसं, पण उन्हामुळं त्यांचे पाय भराभर उचलत होते. नवनाथ मागं पडायला लागला. पुढच्यांपैकी एकानं मान वळवून बघितलं आणि हात वर केला. सगळे थांबले. नवनाथ येऊन पोचला तेव्हा ते पुन्हा निघाले, आणि मग नदीपर्यंत सगळी माणसं त्याच्या चालीनं चालली.